इस्राएल आणि ख्रिस्ती मंडळी यांचे नाते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये शरणपूरची जुनी, अँग्लिकन वळणाची मंडळी आहे, नाशिकरोडला बाल येशूच्या यात्रेला लोटणारा कॅथलिक समाज आहे, आणि घरोघरी भरणाऱ्या ब्रदरन व पेंटेकोस्टल संगतीही आहेत. पवित्र शास्त्र सर्वांचे एकच आहे. तरीही 'इस्राएल' म्हणजे कोण, असे विचारले की तीन ठिकाणी तीन उत्तरे मिळतात, आणि पश्चिम आशियातून युद्धाची बातमी आली की अभ्यासवर्गातला आवाज चढतो. पुढे ख्रिस्ती जगातील प्रमुख मते त्यांच्या अनुयायांना मान्य होतील अशा रीतीने मांडण्याचा प्रयत्न केला आहे. माझे स्वतःचे मत जिथे आले आहे, तिथे ते माझे म्हणूनच सांगितले आहे.

'इस्राएल' म्हणताना नेमके कोण अभिप्रेत असते?

याकोबाला मिळालेले नाव, त्याच्या वंशातील बारा गोत्रे, शलमोनानंतर वेगळे झालेले आणि इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरांनी नष्ट केलेले उत्तरेकडील राज्य, आजचा जगभर पसरलेला यहूदी समाज, आणि १४ मे १९४८ रोजी स्थापन झालेले राष्ट्र, या सर्वांना आपण एकाच नावाने ओळखतो. यांपैकी एकाविषयीचे वचन दुसऱ्याला लावायचे असेल, तर तसे का लावता येते हे आधी सांगावे लागते. बहुतेक वाद ही पायरी गाळल्यामुळे होतात.

मग मूळ प्रश्न कोणता?

देवाने अब्राहामाला संतती, भूमी आणि त्याच्याद्वारे सर्व कुळांना आशीर्वाद अशी वचने दिली (उत्पत्ति १२, १५ व १७). सीनाय पर्वताशी इस्राएल लोकांना देवाची खास प्रजा, याजकांचे राज्य व पवित्र राष्ट्र म्हटले गेले (निर्गम १९:५-६). यिर्मयाने पुढे नव्या कराराची घोषणा केली, पण तो करारसुद्धा 'इस्राएलाचे घराणे व यहूदाचे घराणे' यांच्याशीच होणार होता (यिर्मया ३१:३१-३४). नव्या करारात मात्र पेत्र सीनायवरचे तेच शब्द ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्यांना लावतो (१ पेत्र २:९), आणि इब्री लोकांस लिहिलेले पत्र यिर्मयाचे संपूर्ण वचन उद्धृत करून ते ख्रिस्ताच्या कार्यात पूर्ण झाल्याचे सांगते (अध्याय ८). ज्यांना वचन दिले गेले त्यांचे मग काय झाले? देवाने त्यांच्याशी केलेला करार मोडला असेल, तर आपल्याशी केलेला करार तो पाळील याची खात्री कशावरून? रोमकरांस लिहिताना पौलाच्या मनाला हाच प्रश्न जाळत होता. आपल्या बांधवांसाठी आपण स्वतः शापभ्रष्ट होऊन ख्रिस्तापासून वेगळे व्हावे, इथपर्यंत तो बोलून जातो (९:३). हा विषय ज्याला केवळ भविष्यकथनाचे कोडे वाटतो, त्याने ते वचन सावकाश वाचावे.

पहिल्या मंडळीत या प्रश्नाचे स्वरूप काय होते?

तेव्हा प्रश्न नेमका उलटा होता. येशू यहूदी होता, बाराही प्रेषित यहूदी होते, आणि पेन्टेकॉस्टच्या दिवशी बाप्तिस्मा घेतलेले लोकही यहूदी किंवा यहूदी मत स्वीकारलेले होते. यहूद्यांना मंडळीत स्थान आहे का, असे कोणी विचारत नव्हते. परराष्ट्रीयांना सुंता न करता आत घेता येईल का, यावर खल चालला होता. इ.स. ४९ च्या सुमारास यरुशलेमेत भरलेल्या सभेने सुंतेची अट घालायची नाही असे ठरवले. मूर्तीला वाहिलेले अन्न, रक्त, गुदमरवून मारलेला प्राणी आणि जारकर्म यांपासून दूर राहण्याची मात्र सूचना केली (प्रेषितांची कृत्ये १५). नाशिकचा ख्रिस्ती माणूस आज मंडळीत आहे तो त्या यहूदी बंधूंनी दिलेल्या निर्णयामुळे, हे स्मरणात ठेवावे असे मला वाटते.

मंडळीने इस्राएलची जागा घेतली, हे मत कोठून आले?

इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर जाळले आणि १३२ ते १३५ या काळातील बार कोखबाचे बंडही चिरडले गेले. या घटनांत अनेक ख्रिस्ती लेखकांना देवाचा निवाडा दिसला. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर जस्टिन मार्टरने त्रिफो नावाच्या यहूद्याशी झालेला संवाद लिहिला, आणि त्यात ख्रिस्ती लोकच खरे, आत्मिक इस्राएल आहेत अशी स्पष्ट मांडणी केली. मत्तय २१:४३ मधील, देवाचे राज्य काढून घेऊन फळ देणाऱ्या प्रजेला दिले जाईल हे वचन, तसेच ख्रिस्ताचे असणारे सर्व अब्राहामाचे संतान आहेत हे गलती ३:२९ मधील वचन, ही या मताची मुख्य आधारस्थळे होत. इंग्रजी पुस्तके वाचणाऱ्यांत आज हे मत 'रिप्लेसमेंट थिऑलॉजी' या नावाने ओळखले जाते.

या मतात दोन वेगळे प्रवाह आहेत. यहूद्यांनी मशीहाला नाकारले म्हणून देवाने त्यांना टाकून दिले, असे एक प्रवाह म्हणतो. दुसऱ्याचे म्हणणे असे की, इस्राएलचे कार्य ख्रिस्ताच्या येण्याची तयारी करण्याचे होते, ते पूर्ण झाले, आणि आता तेच कार्य विस्तारलेल्या रूपात सर्व राष्ट्रांच्या मंडळीकडे आले आहे. पहिल्यात शिक्षेची भाषा आहे, दुसऱ्यात पूर्ततेची. दोघांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल, जरी प्रत्यक्ष इतिहासात दुसरा प्रवाह पहिल्याकडे सहज वळत गेला असला तरी.

सुधारित मंडळ्यांची कराराविषयीची शिकवण म्हणजे हेच मत का?

तिचे टीकाकार तसे म्हणतात, अनुयायी मान्य करत नाहीत. सोळाव्या शतकातील सुधारक कॅल्विनपासून १६४० च्या दशकातील वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रापर्यंत आलेल्या या परंपरेचे सूत्र असे आहे की, आदामाच्या पतनानंतर देवाचा कृपेचा करार एकच आहे. अब्राहाम, मोशे व दावीद यांच्या काळात त्याची व्यवस्था वेगवेगळी होती, सार मात्र तेच. त्यामुळे जुन्या करारातील विश्वासू इस्राएल हीच त्या काळची मंडळी होती, आणि आजची मंडळी ही तिचीच वयात आलेली अवस्था आहे. तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देण्याचे या परंपरेचे समर्थनही येथूनच येते, कारण आठव्या दिवशीच्या सुंतेच्या जागी ती बाप्तिस्म्याला पाहते.

देवाच्या विश्वासूपणाचा धागा अखंड ठेवणे हे या शिकवणीचे बळ आहे. भूमीविषयीच्या वचनांना ती नव्या पृथ्वीचे प्रतीक मानते, ही तिची अडचण. ती वचने प्रथम ऐकणाऱ्यांनी ती तशी समजून घेतली असतील का, हा आक्षेप तिला नेहमी सोडवत बसावा लागतो.

डिस्पेन्सेशनल शिकवण काय सांगते, आणि आपल्याकडे ती इतकी परिचित का?

जॉन नेल्सन डार्बी (१८००–१८८२) हे ब्रदरन चळवळीतील पुढारी. देवाच्या योजनेत इस्राएल आणि मंडळी या दोन स्वतंत्र प्रजा आहेत, असे त्यांनी शिकवले. इस्राएलला दिलेली भूमीची व राज्याची वचने शब्दशः पूर्ण व्हायची आहेत. मशीहाला नाकारले गेल्यामुळे ते घड्याळ थांबले, आणि मधल्या काळात मंडळीचे युग चालू आहे. दानीएलाच्या नवव्या अध्यायातील सत्तर सप्तकांपैकी एकोणसत्तर संपली, शेवटचे एक उरले, असे ही शिकवण मानते. मंडळी वर घेतली गेल्यावर ते सप्तक सात वर्षांच्या संकटकाळाच्या रूपात सुरू होईल आणि त्यानंतर ख्रिस्ताचे हजार वर्षांचे राज्य येईल, असा तिचा क्रम आहे. १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सायरस स्कोफील्ड यांच्या टीपांसह असलेल्या बायबलने ही मांडणी जगभर पोहोचवली.

आपल्याकडे ती ब्रदरन व पेंटेकोस्टल प्रचारकांच्या तोंडून, आणि आता टीव्ही व यूट्यूबवरील संदेशांतून आली. (जी गोदावरी त्र्यंबकेश्वराशेजारी उगम पावते, तिच्या आंध्रातील मुखाजवळ ब्रदरन मिशनऱ्यांनी १८३६ मध्येच काम सुरू केले होते. म्हणजे ही परंपरा भारतात काही काल-परवाची नाही.) वचनाचा अर्थ पहिल्या श्रोत्याला कळेल तसाच धरावा, ही तिची प्रामाणिक तळमळ आहे, आणि मंडळ्यांनी यहूद्यांकडे पाठ फिरवली होती अशा काळात तिने त्यांना देवाची प्रजा मानले, याचे श्रेय तिला दिले पाहिजे. मात्र नव्या करारात 'दोन प्रजा' शोधताना इफिसकरांस २ आड येते, कारण तिथे दोघांमधली आडभिंत पाडली गेली असे म्हटले आहे. १९९० च्या दशकापासून याच परंपरेतील काही विद्वान ही विभागणी बरीच सैल करू लागले आहेत.

जैतुनाच्या झाडाचा दाखला नेमके काय सांगतो?

रोमकरांस ११:१७-२४ मध्ये पौल एक झाड दाखवतो. जोपासलेल्या जैतुनाच्या काही फांद्या तोडल्या गेल्या, रानटी जैतुनाच्या फांद्या त्या जागी कलम केल्या गेल्या, आणि त्यांना मुळातल्या रसाचा वाटा मिळाला. फांद्यांनी गर्व करू नये, कारण फांदी मुळाला पोसत नाही, मूळ फांदीला पोसते.

हा उतारा दिंडोरीच्या किंवा निफाडच्या द्राक्षबागायतदाराला वाचून दाखवावा. त्याच्या शेतात आधी डॉगरीजसारख्या काटक, रानवट जातीचा खुंट लावतात. तो पुरेसा जाड झाला की पावसाळा सरता सरता त्याला चीर देऊन थॉमसनसारख्या निवडक जातीची, दोन डोळ्यांची काडी तासून बसवतात आणि पट्टीने घट्ट आवळतात. मूळ रानाचे, फळ मात्र जोपासलेल्या काडीचे. क्षार आणि पाण्याचा ताण सोसायचे काम खुंटाचे, गोडी काडीची. पौलाच्या दाखल्यात हे सगळे उलटे आहे. तिथे मूळ उत्तम आहे आणि काडी रानातली. कोणताही शहाणा बागायतदार असले कलम करणार नाही, कारण रानटी काडीला रानटीच फळ येणार. पौलाला हे ठाऊक असावे, कारण हे 'निसर्गाविरुद्ध' घडले असे तो स्वतःच म्हणतो (११:२४). परराष्ट्रीय विश्वासणारा त्या झाडावर आहे तो त्याच्या गुणामुळे नाही. बागेचा हिशेब बाजूला ठेवून मालकाने त्याला तिथे लावले आहे.

आता मतांचा विचार करू. झाड एकच आहे, दुसरे लावलेले नाही, हा मुद्दा करारवाद्यांच्या, म्हणजे एकच कृपेचा करार मानणाऱ्या सुधारित परंपरेच्या, बाजूने जातो. उलट, तोडलेल्या फांद्या अजूनही 'स्वाभाविक' फांद्याच म्हटल्या आहेत, त्यांना पुन्हा कलम करण्यास देव समर्थ आहे असे ठामपणे सांगितले आहे, आणि झाड उपटून नवे लावल्याचा उल्लेख कोठेही नाही. इस्राएलला कायमचे टाकून दिले असे म्हणणाऱ्यांना हा उतारा ओलांडता येत नाही. डिस्पेन्सेशनल शिक्षक यावर सांगतात की, झाड म्हणजे मंडळी नसून अब्राहामाला दिलेल्या आशीर्वादाचे स्थान आहे, आणि त्या स्थानात दोन्ही प्रजा आपापल्या परीने वाटेकरी होतात. हे उत्तर विचार करण्याजोगे आहे, पण मला ते पुरेसे वाटत नाही; फांद्या एकाच खोडाला लावल्यानंतर त्यांना दोन झाडे म्हणता येत नाही. माझी खात्री अशी आहे की, या विषयावरील कोणतेही मत याच उताऱ्यावर घासून पाहावे. जे मत परराष्ट्रीय ख्रिस्ती माणसाच्या मनात यहूद्यांविषयी तुच्छता निर्माण करते, ते येथे नापास होते, मग त्याच्या पाठीशी कितीही थोर नाव असो.

'सर्व इस्राएलाचे तारण होईल' याचा अर्थ काय?

रोमकरांस ११:२६ चे तीन अर्थ लावले जातात. कॅल्विनच्या मते येथे यहूदी व परराष्ट्रीय मिळून देवाची सगळी प्रजा अभिप्रेत आहे. दुसरा अर्थ असा की, प्रत्येक पिढीत विश्वास ठेवणारे जे यहूदी निघतात, त्यांची एकूण बेरीज म्हणजे 'सर्व इस्राएल'. तिसरा अर्थ, परराष्ट्रीयांचा भरणा पूर्ण झाल्यावर यहूदी समाज मोठ्या प्रमाणावर ख्रिस्ताकडे वळेल असा आहे. हा तिसरा अर्थ डिस्पेन्सेशनल लोकांपुरता मर्यादित नाही. अनेक प्युरिटन, जॉनथन एडवर्ड्स, आणि विसाव्या शतकातील जॉन मरे यांच्यासारखे कट्टर करारवादीही तोच मानत. आधीच्याच वचनात 'इस्राएल' हे परराष्ट्रीयांपासून वेगळे दाखवले आहे, त्यामुळे मलाही तिसरा अर्थ अधिक सरळ वाटतो.

कॅथलिक मंडळीची आजची भूमिका काय आहे?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी 'नॉस्त्रा एताते' हे घोषणापत्र २,२२१ विरुद्ध ८८ मतांनी स्वीकारले. ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा दोष त्या काळच्या सर्व यहूद्यांवर सरसकट, किंवा आजच्या यहूद्यांवर, टाकता येत नाही, असे त्यात म्हटले आहे. यहूदीद्वेषाचा निषेध केला आहे, आणि जैतुनाच्या झाडाचे स्मरण करून मंडळीचे मूळ मान्य केले आहे. त्याआधी १९५९ मध्ये पोप जॉन तेविसावे यांनी उत्तम शुक्रवारच्या प्रार्थनेतून यहूद्यांसाठी वापरले जाणारे अवमानकारक विशेषण काढून टाकले होते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८० मध्ये जर्मनीत माइंझ येथे, देवाने कधीही रद्द न केलेल्या जुन्या कराराची प्रजा असे यहूद्यांना संबोधले. १३ एप्रिल १९८६ रोजी ते रोममधील सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहूदी प्रार्थनागृहात, गेले.

तरीही ख्रिस्ताशिवाय तारणाचा दुसरा, समांतर मार्ग आहे असे ही मंडळी म्हणत नाही. व्हॅटिकनच्या २०१५ च्या दस्तऐवजात दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी ठेवल्या आहेत आणि त्यांचा मेळ देवाच्या गूढ योजनेवर सोपवला आहे. काहींना ही पळवाट वाटते. पण रोमकरांस ११ च्या शेवटी पौलही देवाच्या अथांग ज्ञानाची स्तुती करूनच थांबतो.

'यहूद्यांनी येशूला मारले' असे म्हणणे बरोबर आहे का?

नाही. आपण दर रविवारी म्हणतो त्या विश्वासांगीकारात पंतय पिलाताचे, म्हणजे रोमन सुभेदाराचे नाव आहे. यहूदी प्रजेचे नाही. यरुशलेमेतील काही याजकवर्गीय पुढारी त्या खटल्यात सामील होते, आणि वधस्तंभाखाली रडणारेही यहूदीच होते. ख्रिस्ती सिद्धांत तर असा की, त्याच्या मरणाचे कारण माझे पाप आहे.

या एका वाक्याने किती रक्त सांडले, ते मंडळीत सांगितले जात नाही, म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहितो. इ.स. ३८६–३८७ मध्ये अंत्युखियात योहान ख्रिसोस्तोम यांनी सिनेगॉगमध्ये जाणाऱ्या ख्रिस्ती लोकांना रोखण्यासाठी दिलेल्या प्रवचनांत यहूद्यांविषयी अत्यंत विषारी भाषा वापरली. १०९६ मध्ये पहिल्या धर्मयुद्धाला निघालेल्या टोळ्यांनी ऱ्हाइन नदीकाठच्या वर्म्स व माइंझ या शहरांतील यहूदी वस्त्या कापून काढल्या. मार्टिन ल्यूथर यांनी १५२३ मध्ये यहूद्यांशी ममतेने वागा असे लिहिले, आणि १५४३ मध्ये त्यांची सिनेगॉग जाळा असे लिहिले. अमेरिकेतील सर्वांत मोठ्या लुथरन मंडळीने १९९४ मध्ये त्या लिखाणाचा जाहीर त्याग केला.

हे सगळे दूर परदेशात घडले, आपला त्याच्याशी काय संबंध, असे म्हणण्याचीही सोय नाही. गोव्यात १५६० मध्ये स्थापन झालेल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मन्यायालयाच्या, पहिल्या बळींत यहूदी वंशाचे, बाप्तिस्मा घेतलेले पोर्तुगीज होते. गार्सिया द ओर्ता हे गोव्यात राहून भारतीय औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिणारे वैद्य. त्यांच्या बहिणीला १५६९ मध्ये जिवंत जाळण्यात आले, आणि स्वतः ओर्ता यांच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, त्यांची हाडे उकरून जाळण्यात आली. गुन्हा एकच होता, की त्यांनी गुप्तपणे यहूदी धर्म पाळला. हे काम करणाऱ्यांच्या गळ्यात क्रूस होता.

मराठी ख्रिस्ती माणसाचा अब्राहामाशी काय संबंध? आपले पूर्वज तर याच मातीतले.

हा प्रश्न विचारणारे बहुधा तरुण असतात, आणि तो मनापासून विचारलेला असतो. ना. वा. टिळक तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आले, असे ते स्वतःच सांगत. (लक्ष्मीबाई टिळकांचे माहेर, जलालपूर, नाशिकच्या शेजारचेच.) मग संतवाणी हाच आपला 'जुना करार' का मानू नये, असे काहींनी सुचवलेही आहे.

तुकारामांचा पूल नाकारण्याची काहीच गरज नाही. मात्र पूल आणि मूळ या निराळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या शिक्षकाने यहूद्यांचे शास्त्र वगळून ख्रिस्त ठेवण्याचा प्रयत्न केला. तेव्हा त्याला नव्या करारातूनही बहुतेक भाग कापावा लागला आणि हाती उरले ते लूकचे एक छाटलेले शुभवर्तमान व पौलाची काही पत्रे. मंडळीने त्याला नाकारले ते यासाठी की, इस्राएलच्या देवाशिवाय येशू कोण होता हेच सांगता येत नाही. अब्राहामाशी आपले नाते रक्ताचे नाही, ते वचनाचे आहे, आणि ते जोडण्यासाठी मराठी माणसाला मराठीपण सोडावे लागत नाही, जसे यरुशलेमच्या सभेनंतर ग्रीकाला ग्रीकपण सोडावे लागले नाही.

इफिसकरांस २:१४ मध्ये पौल पाडलेल्या आडभिंतीविषयी बोलतो. यरुशलेमच्या मंदिरात अशी आडभिंत खरोखर होती. परराष्ट्रीयाने तिच्या आत पाऊल टाकू नये, टाकल्यास होणाऱ्या मृत्यूला तो स्वतःच जबाबदार राहील, अशी ग्रीक अक्षरांत कोरलेली शिळा १८७१ मध्ये सापडली; ती आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. ती भिंत पडल्यावर काय होते, हे शरणपूरने पाहिले आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे मराठी कुटुंबांबरोबर, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले राहत, शिकत व उपासना करीत. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट १८७४ मध्ये डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या शवपेटीबरोबर लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीपर्यंत गेले. अब्राहामाशी रक्ताचे नाते त्या मुलांचेही नव्हते, आणि त्यांच्या मराठी शेजाऱ्यांचेही नव्हते.

आजच्या इस्राएल राष्ट्राला पाठिंबा देणे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे का?

ख्रिस्ती झायोनवादी, म्हणजे यहूद्यांचे त्या भूमीत परतणे ही देवाची योजना मानणारे ख्रिस्ती, 'तुला आशीर्वाद देणाऱ्यांना मी आशीर्वाद देईन' (उत्पत्ति १२:३) या वचनावरून होय म्हणतात, आणि १९४८ च्या घटनेकडे यहेज्केल ३६ व ३७ ची पूर्तता म्हणून पाहतात. दोन हजार वर्षे छळ सोसलेल्या, आणि सुमारे साठ लाख माणसे नाझींच्या हाती गमावलेल्या समाजाला सुरक्षित घर मिळावे, ही भावना या भूमिकेत आहे आणि ती आदरणीय आहे.

पण त्याच भूमीत प्राचीन काळापासून राहणारे ख्रिस्तीही आहेत. बेथलेहेम, नासरेथ, रामल्ला येथील या अरबी भाषक ख्रिस्ती बांधवांची वेदना आपल्या संदेशांत क्वचितच ऐकू येते. ऑगस्ट २००६ मध्ये यरुशलेममधील लॅटिन कॅथलिक, सिरियन ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन व लुथरन धर्मप्रमुखांनी संयुक्त निवेदन काढून ख्रिस्ती झायोनवाद नाकारला. डिसेंबर २००९ मध्ये पॅलेस्टिनी ख्रिस्ती लोकांनी 'कैरोस पॅलेस्टाइन' या नावाने आपली हाक जगापुढे ठेवली. त्या हाकेतील प्रत्येक राजकीय मागणी सर्व मंडळ्यांना पटली नाही, आणि यहूदी संघटनांनी तिच्यावर कडक टीकाही केली.

माझे मत असे आहे की, देवाचे यहूदी प्रजेला झालेले पाचारण कायम आहे असे मानणारा माणूससुद्धा कोणत्याही सरकारच्या प्रत्येक कृतीला 'आमेन' म्हणण्यास बांधलेला नाही. आमोस, यशया व यिर्मया यांनी इस्राएलवर मनापासून प्रेम केले, आणि त्याच्या राजांना सर्वांत कठोर शब्दांत जाबही विचारला. परदेशीयांवर जुलूम करू नका ही आज्ञा त्याच नियमशास्त्रात आहे, ज्यात भूमीचे वचन आहे. तसेच, सरकारवरील रागापोटी यहूदी माणसाचा द्वेष करणे हे पाप आहे, आणि न्यायाचे नाव दिल्याने त्याचे पापपण कमी होत नाही.

यहूद्यांना सुवार्ता सांगावी का?

इव्हँजेलिकल मंडळ्या रोमकरांस १:१६ च्या आधारे होय म्हणतात. ज्या सुवार्तेचा आरंभ यहूद्यांपासून झाला ती त्यांच्यापासूनच राखून ठेवणे त्यांना विचित्र वाटते. कॅथलिक मंडळीने २०१५ मध्ये स्पष्ट केले की, यहूद्यांच्या धर्मांतरासाठी ती कोणतेही संघटित मिशन चालवत नाही, मात्र व्यक्तिशः ख्रिस्ताची साक्ष नम्रपणे द्यावी. येशूला मशीहा मानूनही शब्बाथ व सण पाळणाऱ्या 'मेसियानिक' यहूद्यांचे गटही आहेत. त्यांना बहुतेक यहूदी संस्था यहूदी धर्माच्या बाहेर समजतात. इतिहास पाहता, फसवून, आमिष दाखवून किंवा भीती घालून केलेला प्रचार कोणाच्याही बाबतीत त्याज्य आहे, आणि यहूद्यांच्या बाबतीत तर दुप्पट.

महाराष्ट्रातील बेने इस्राएल समाजाशी आपले नाते काय?

मराठी ख्रिस्ती माणसाला यहूदी समजून घेण्यासाठी पुस्तकांत जाण्याची गरज नव्हती. ते शेजारीच होते. कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या समाजाला गाव 'शनिवार तेली' म्हणत असे. मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकर यांनी बांधले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी त्यांच्यासाठी शाळा चालवल्या आणि मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. मिशनऱ्यांनी छापलेला मराठी जुना करार या समाजाने आनंदाने वाचला आणि तो आपल्या यहूदी धर्मात अधिक दृढ झाला. ख्रिस्ती झालेले थोडेच. मला या घटनेत पराभव दिसत नाही. शास्त्र मुळात त्यांचे होते, आणि ते मराठीत त्यांच्या हाती परत गेले.

१९४८ नंतर त्यांच्यापैकी बहुसंख्य इस्राएलला गेले. तेथील रब्बींनी विवाहाच्या वेळी त्यांच्या वंशाविषयी शंका घेतली, तेव्हा त्यांनी आंदोलन केले, आणि १९६४ मध्ये त्यांना पूर्ण यहूदी म्हणून मान्यता मिळाली.

पवित्र भूमीच्या यात्रेला जाताना या विषयाच्या दृष्टीने काय करावे?

बहुतेक यात्रा जागा दाखवतात, माणसे दाखवत नाहीत. आयोजकांना आधीच सांगून दोन-तीन गोष्टी कार्यक्रमात घालून घ्याव्यात. रविवार बेथलेहेम किंवा नासरेथमध्ये येईल असे पाहावे आणि तेथील स्थानिक अरबी मंडळीबरोबर उपासना करावी. भाषा कळली नाही तरी प्रभुभोजन कळते. यरुशलेममध्ये याद वाशेम या, नाझींनी मारलेल्या यहूद्यांच्या स्मारकाला अर्धा दिवस द्यावा, आणि तिथे फोटो काढण्याऐवजी वाचावे. पश्चिम भिंतीपाशी पुरुषांनी डोके झाकावे, स्त्री-पुरुषांनी आपापल्या विभागात उभे राहावे, आणि मोठ्याने ख्रिस्ती गीते गाऊ नयेत. ते दुसऱ्यांचे प्रार्थनास्थळ आहे. अश्दोद, दिमोना किंवा लोद या गावांकडे जाणे झाले, तर तेथील बेने इस्राएल कुटुंबांत मराठी बोलणारी वडीलधारी मंडळी अजून भेटतात. त्यांच्याशी गप्पा माराव्यात, कोकणातले त्यांचे गाव कोणते ते विचारावे, आणि पत्रके आपल्या पिशवीतच राहू द्यावीत.